पोडावरची बोली, शाळेतली भाषा आणि मुलाचा मेंदू

‘थांबनाबाप्पापोट्ट्यालेपानीपिऊदे.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वऱ्हाडी घरात सहज कानी पडावे असे हे वाक्य. छापताना मधल्या जागा काढल्या की डोळा अडखळतो. कानाला मात्र ते नेहमी असेच ऐकू येते. बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटे सुटे बाहेर पडत नाहीत. आवाजाचा आलेख काढून पाहिला तर दोन शब्दांच्या सीमेपेक्षा ‘पोट्ट्याले’मधल्या ‘ट्ट’वरच आवाज जास्त वेळ थांबलेला दिसतो. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, याची खूण आवाजात जवळजवळ नसतेच. ती ऐकणाऱ्याचा मेंदू तयार करतो.

आणि हे काम तो फार लवकर सुरू करतो. गर्भातले बाळ शेवटच्या तीन महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकू लागते. जन्मल्यानंतर लगेचच ते आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखते. साडेचार महिन्यांच्या सुमारास स्वतःचे नाव कानाला ओळखीचे वाटू लागते. नाव म्हणजे आपण, हे तेव्हा कळलेले नसते, पण त्या आवाजाकडे बाळ जास्त वेळ लक्ष देते. सहा महिन्यांच्या बाळांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात असेही दिसले, की बाळाचे नाव घेऊन त्याला लागून जो शब्द उच्चारला जातो, तो बाळाला सलग बोलण्यातून वेगळा काढता येतो. आजी नातवाला हाक मारून मारून बोलत राहते, तेव्हा लाडाबरोबर भाषेचे पहिले टोकही ती त्याच्या हाती देत असते.

नाव सोडून बाकीच्या बोलण्याचे काय? 1996 साली रोचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राने बनवलेला एकसुरी आवाज ऐकवला. त्यात ‘तुपिरो’, ‘गोलाबू’, ‘बिडाकू’ यांसारखे तीन अक्षरांचे अर्थहीन शब्द उलटसुलट क्रमाने, मध्ये न थांबता, आघात किंवा चढउतार न देता गुंफलेले होते. ऐकवणे फक्त दोन मिनिटांचे. त्यानंतर हेच शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे अलग अलग ऐकवले, तेव्हा बाळे सांध्यावरच्या तुकड्यांकडे जास्त वेळ कान देत राहिली. ते त्यांना अनोळखी वाटत होते. दोन मिनिटांत बाळांच्या मेंदूने हिशेब मांडला होता, की ‘तु’नंतर ‘पि’ हमखास येतो, पण ‘रो’नंतर काय येईल ते सांगता येत नाही.

घरातल्या बोलण्यातही हेच चालते. पानी आन, पानी पे, गार पानी, पानी सांडलं. ‘पा’च्या मागे ‘नी’ पुन्हा पुन्हा येतो, ‘नी’च्या मागे मात्र दर वेळी वेगळे काहीतरी. जो जोड टिकतो तो शब्द, जिथे जोड तुटतो ती सीमा. हे बाळाला कोणी शिकवलेले नसते. या हिशेबाला आवाजाची लय मदत करते. माणूस कुठलीही भाषा बोलो, सेकंदाला साधारण चार ते आठ अक्षरे उच्चारतो, आणि मेंदूच्या श्रवण-प्रांतातल्या विद्युत-लहरी त्याच ठेक्याशी जुळवून घेतात. आवाजाचा ओघ अक्षराअक्षराने कापला जातो आणि त्या तुकड्यांवर पुढचे सगळे काम होते.

आता यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांच्या वस्त्या, म्हणजे पोडे, आहेत, गोंडांची गावे आहेत. पुसद, दिग्रस, महागावकडे बंजारांचे तांडे आहेत. दक्षिणेकडे तेलंगणाची हद्द लागते. पांढरकवड्याच्या बाजारात उभे राहिले तर वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि तेलुगू अशा पाच भाषा कानावर पडू शकतात. यातल्या वऱ्हाडी आणि गोरमाटी आर्यभाषा कुळातल्या; बाकी तिन्ही द्राविडी. कोलामी ही तर मराठीपेक्षा आंध्र-ओडिशाकडच्या परजी आणि गदबा भाषांना अधिक जवळची. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1930च्या दशकात वर्धा भागात फिरून तिचा अभ्यास केला आणि 1955 साली कोलामीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. 2011च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या देशभरात सव्वा लाखाच्या थोडी वर होती. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बळ आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड.

पोडावरचे मूल सहाव्या वर्षी पहिलीत जाते तेव्हा त्याने आपल्या आईच्या भाषेतले हजारो शब्द याच पद्धतीने, सलग आवाजातून, कोणाच्याही मदतीवाचून कापून काढलेले असतात. वर्गात मात्र ते गप्प बसते. प्रश्नाला उत्तर देत नाही, दिलेच तर एका शब्दात. मग ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. मेंदूविज्ञानाने गेल्या पन्नास वर्षांत जे दाखवून दिले आहे, त्यातला जवळजवळ प्रत्येक धागा या शिक्क्याच्या विरोधात जातो. म्हणूनच हा विषय प्रयोगशाळेपुरता ठेवण्यासारखा नाही.

पहिला धागा कानाचा. जन्मलेले बाळ जगातल्या जवळपास सगळ्या भाषांमधले ध्वनिभेद ओळखू शकते. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा फरक सहसा ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो आला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मोजक्यांनाच आला. वर्षाच्या आत मेंदूने ठरवून टाकले होते, की आपल्या घरात या फरकाला अर्थ नाही, तेव्हा त्याकडे लक्ष देण्यात हशील नाही. कानात यामुळे काही बिघाड होत नाही. घरात उपयोगी पडणारे ध्वनी पक्के होतात आणि बाकीचे मागे पडतात. शब्द झपाट्याने शिकता यावेत म्हणून मेंदूने केलेली ही तयारी असते.

कोलामीच्या मूळ शब्दांत क-ख, ग-घ, ब-भ असा अल्पप्राण-महाप्राण भेद नाही. मराठीतून आलेल्या शब्दांबरोबर तो शिरला आहे आणि पोडावरची मोठी माणसे मराठीही बोलतात, पण आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलाचा कान या भेदावर मराठी मुलाइतका घोटला गेलेला नसतो. त्याने ‘भात’ला ‘बात’ म्हटले तर त्यात आळस नाही, दुर्लक्षही नाही. वऱ्हाडी मुलाचेही काही वेगळे नाही. घरी ‘पानी’ आणि ‘डोया’, पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘डोळा’. ‘ण’ आणि ‘ळ’ त्याच्याही घरच्या बोलण्यात फारसे नसतात. फरक एवढाच, की वऱ्हाडी मुलाला बाकीचा शब्दसंग्रह आणि व्याकरण आधीपासून हाताशी असते.

दुसरा धागा अर्थाचा. सलग आवाजातून तुकडा निघाला, पण तो कशाचा? सहा ते नऊ महिन्यांची बाळे खाण्याचे पदार्थ आणि शरीराचे अवयव यांची काही नावे ओळखतात, हे 2012 साली एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंगली यांनी दाखवले. बाळाने पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी ही ओळख झालेली असते. पुढे मूल बोलणाऱ्याच्या नजरेवरून, बोटावरून, हातातल्या वस्तूवरून अर्थाचा अंदाज बांधते. दोन वस्तू समोर असल्या, एकीचे नाव ठाऊक असले आणि कोणी नवाच शब्द उच्चारला, तर तो दुसरीचा असणार असे ते गृहीत धरते. गंमत अशी की दोन-तीन भाषांच्या घरात वाढणारी लहान मुले हे गृहीतक इतके घट्ट धरून बसत नाहीत. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि वर्कर यांच्या 2009च्या अभ्यासात एकभाषी, द्विभाषी आणि त्रिभाषी घरांतली सुमारे दीड वर्षाची मुले तपासली, तेव्हा हे स्पष्ट दिसले. एका वस्तूला दोन नावे असू शकतात याचा त्यांना रोजचा अनुभव असतो. कोलामीत पाण्याला ‘ईर’, गोंडीत ‘एर’, बाजारात ‘पानी’. पोडावरच्या मुलासाठी हा गोंधळ नाही, त्याचे जगच असे आहे.

द्विभाषी मुलाला शब्द कमी येतात, ही तक्रार बहुतेक वेळा मोजण्याच्या चुकीतून येते. एकाच भाषेतले शब्द मोजले तर ते कमी भरतात. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर एकभाषी मुलाच्या जवळपास येतात. अंगणवाडीत किंवा पहिलीत मुलाची भाषा तपासताना फक्त मराठी शब्द मोजले, तर त्याच्या अर्ध्या भांडवलाकडे पाठ फिरवल्यासारखे होते.

व्याकरणही शब्द शिकायला हातभार लावते, आणि इथे कोलामी मूल एका ठिकाणी अडते तर दुसऱ्या ठिकाणी पुढे असते. स्पॅनिश बोलणारी तीन वर्षांच्या आसपासची मुले नामाआधीच्या लिंगदर्शक शब्दावरूनच पुढे कोणती वस्तू येणार याचा अंदाज घेतात, हे 2007 साली केसी ल्यू-विल्यम्स आणि ॲन फर्नाल्ड यांनी नजरेच्या हालचाली टिपून दाखवले. मराठीतही ‘मोठी’ ऐकले की पुढे ‘गाडी’ येऊ शकते, ‘झाड’ नाही. मराठी मुलाला ही सूचना फुकट मिळते. कोलामीत पुरुषवाचक आणि बाकी सगळे असे दोनच गट. स्त्री आणि वस्तू एकाच गटात. तीन लिंगांची मराठी व्यवस्था कोलामी मुलाला मुळापासून उभी करावी लागते. याउलट वाक्याच्या शेवटी क्रियापद येणे आणि शब्दाला शेवटी प्रत्यय चिकटणे, या दोन्ही गोष्टी कोलामीतही आहेत. ‘घर’, ‘घरात’, ‘घराले’ यांत मूळ शब्द एकच, हे त्याला नव्याने सांगावे लागत नाही.

तिसरा धागा स्मरणाचा, आणि यात सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे.

नवा शब्द ऐकल्यावर त्याचा आवाज काही क्षण मनात घोळवता आला पाहिजे. इटलीतल्या एका रुग्ण स्त्रीची गोष्ट मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. तिची ओळख ‘पी. व्ही.’ या आद्याक्षरांनीच दिली जाते. मेंदूला झालेल्या इजेमुळे ऐकलेला आवाज क्षणभर धरून ठेवण्याची तिची शक्ती गेली होती. इटालियनमधल्या ओळखीच्या शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच पाठ करी. पण रशियन शब्द कानाने शिकायची वेळ आली तेव्हा एकही लक्षात राहीना. ॲलन बॅडली, कोस्तांझा पापान्यो आणि ज्युसेप्पे व्हलार यांनी 1988 साली हे प्रसिद्ध केले. अर्थाची स्मृती शाबूत, पण अनोळखी ध्वनींचा नवा साचा घडवणे अशक्य. नवा शब्द मोठ्याने परत म्हणण्याला महत्त्व येते ते इथे. म्हटल्याने तो कानात आणखी एकदा घुमतो, आणि जीभ-ओठांची हालचाल ठरवणाऱ्या भागाशी श्रवण-प्रांताचा दुवा जोडला जातो. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाची हीच संधी हुकते.

पण घोळवलेला शब्द टिकेलच असे नाही. त्यासाठी मेंदूच्या आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा म्हणून हिप्पोकॅम्पस हे नाव मिळालेला भाग लागतो. अमेरिकेतल्या हेन्री मोलेझन यांच्या मेंदूतला हा भाग अपस्माराच्या उपचारासाठी 1953 साली शस्त्रक्रिया करून बराचसा काढून टाकण्यात आला. 2008 साली त्यांचे निधन झाले. मधल्या पंचावन्न वर्षांत त्यांना जुने शब्द येत राहिले, गप्पा मारता येत राहिल्या. पण 1953 नंतर भाषेत आलेले शब्द ते जवळजवळ शिकू शकले नाहीत. आणि तरी चित्र इतके सोपे नाही. 1997 साली लंडनमधल्या फरानेह वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी अशा तिघांची माहिती दिली, ज्यांच्या हिप्पोकॅम्पसला लहानपणीच इजा झाली होती. दिवसभरातल्या घडामोडी त्यांना आठवत नसत, पण शाळा आणि भाषा त्यांनी बऱ्यापैकी आत्मसात केली होती. म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, ज्याला कॉर्टेक्स म्हणतात, तोही सतत कानावर पडणाऱ्या गोष्टींतून सावकाश शिकू शकतो.

आजची सर्वसाधारण समजूत अशी: हिप्पोकॅम्पस नवा शब्द झटकन धरतो, कॉर्टेक्स त्याला सावकाश जुन्या शब्दांच्या जाळ्यात विणून घेतो. हे विणकाम बरेचसे झोपेत होते. इंग्लंडमध्ये निकोला द्यूमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी 2007 साली लोकांना ‘कथीड्रल’शी मिळतेजुळते ‘कथीड्रूक’ असे बनावट शब्द शिकवले. एका गटाला सकाळी, दुसऱ्याला रात्री. बारा तासांनी दोन्ही गट शब्द ओळखू शकले. पण नवा शब्द जुन्या शब्दाशी स्पर्धा करू लागला, म्हणजे ‘कथीड्रल’ ओळखायला किंचित जास्त वेळ लागू लागला, तो फक्त मध्ये झोपून उठलेल्या गटात. सकाळच्या गटात तेच चिन्ह रात्रीच्या झोपेनंतर उमटले. नवा शब्द शब्दसंग्रहात खऱ्या अर्थाने दाखल झाला, तो झोपेनंतर. लायपझिगमध्ये मान्वेला फ्रीडरिश आणि सहकाऱ्यांना नऊ ते सोळा महिन्यांच्या बाळांतही असेच दिसले: नवे शब्द शिकल्यावर डुलकी घेतलेल्या बाळांचा मेंदू तेच नाव त्या प्रकारच्या दुसऱ्या, न पाहिलेल्या वस्तूलाही लावत होता. जागी राहिलेल्या बाळांत ते दिसले नाही. दुपारी झोळीत निजलेले बाळ काहीच करत नाही असे कोणी समजू नये.

वर्गात याचा अर्थ फार साधा निघतो. आज दहा शब्द सांगून आजच विचारले तर मेंदूचे अर्धेच काम तपासले जाते. उद्या पुन्हा विचारावे, आठवड्याने परत विचारावे, वेगळ्या वाक्यात विचारावे. एकदा ऐकून मूल योग्य वस्तू उचलते म्हणजे शब्द शिकले असे नाही. दोन वर्षांची मुले नवे नाव चटकन ओळखतात आणि पाच मिनिटांनी विसरलेली असतात, हे 2008 साली जेसिका हॉर्स्ट आणि लॅरिसा सॅम्युअलसन यांनी मोजून दाखवले आहे. मुलाला पुनरावृत्ती हवी असते आणि मध्ये रात्र जावी लागते.

आणखी एक प्रयोग यवतमाळसारख्या जिल्ह्यात आवर्जून सांगावा असा आहे, कारण आता पोडावरही मोबाइल पोहोचला आहे आणि भाषा शिकवणारे व्हिडिओ हाच स्वस्त उपाय वाटू लागला आहे. सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी मंदारिन बोलणारी माणसे बसवली. चार आठवड्यांत बारा वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटे. माणसे खेळणी दाखवत, पुस्तक वाचत, बाळाकडे बघून बोलत. ही बाळे मंदारिनमधला एक अवघड ध्वनिभेद तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या गटाला हेच सगळे पडद्यावर दाखवले, तिसऱ्याला फक्त ऐकवले. त्या दोन्ही गटांत काहीही फरक पडला नाही. आवाज तोच, शब्द तेच, मिनिटेही तितकीच. फक्त माणूस समोर नव्हता. मोठ्या मुलांना पडद्यावरून शब्द शिकता येतात, पण लहान मुलाचा मेंदू नव्या भाषेसाठी आधी माणसाचा चेहरा आणि प्रतिसाद मागतो.

म्हणून पोडाच्या शाळेत आणि अंगणवाडीत सर्वांत मोलाचे साधन म्हणजे मुलांशी भरपूर बोलणारी व्यक्ती. तिला दोन्ही भाषा येत असतील तर फारच उत्तम. कोलामी घरातली शिकलेली मुलगी अंगणवाडीत सेविका किंवा मदतनीस असेल, तर ती ‘ईर’वरून ‘पाणी’वर मुलाला असे घेऊन जाते की मुलाला अर्थ नव्याने शोधावा लागत नाही, फक्त नवा आवाज जोडावा लागतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यघटनेचे 350-अ हे कलम 1956 पासून सांगत आले आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. कागदावरचे हे शब्द झरी-जामणीच्या पोडात उतरवण्यासाठी मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याची गरज नाही. मुलाला वर्गात कोलामीत उत्तर देऊ देणे, त्याच्या उत्तरातला शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिणे, त्याच्या शेजारी मराठी शब्द लिहून दोन्ही सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेणे, हे उद्याच्या पहिल्या तासाला करता येण्यासारखे आहे.

आणि शिक्षकाने? बुलढाण्याहून किंवा नाशिकहून बदली होऊन आलेल्या चाळिशीतल्या गुरुजींना आता कुठे कोलामी येणार, असे पोडावरही म्हटले जाते. बेल्जियममधले मार्क ब्रिसबर्ट आणि सहकारी यांनी 2016 साली इंग्रजी भाषकांच्या शब्दसंग्रहाचा प्रचंड मोठा ऑनलाइन आढावा घेतला, तेव्हा विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत माणूस सरासरी दोन दिवसांना एक नवा शब्द शिकत राहतो असे आढळले. परक्या भाषेचे उच्चार मोठेपणी अवघड जातात. कान लहानपणीच घोटला गेलेला असतो. शब्द मात्र शिकता येतात. दोन दिवसांना एक कोलामी शब्द धरला तरी एका शैक्षणिक वर्षात शंभराच्या वर होतात. पाणी, भूक, ताप, आई, शेत, भीती, झोप, घर यांच्यासाठी तेवढे पुरतात, आणि पहिलीतल्या मुलाला पहिल्या महिन्यात जे सांगायचे असते ते बहुतेक याच शब्दांतले असते.